नसलेली पत्रिका

"पत्रिका जुळत नाही," आवटी काका म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

मी शिलाई मशीनवर होते. पाय पायडलवर तसाच थांबला, सुई कापडात अर्धी.

"कुणाची?" मी विचारलं.

"तुझी गं. तुझी आणि इचलकरंजीच्या मगदूमांची."

"पण काका, मला पत्रिकाच नाही."

काकांनी बशी खाली ठेवली नाही, पण फुरके मारायचे थांबले. कलाप्पा आवटींनी जयसिंगपूर आणि आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं जमवली होती. 'पत्रिका जुळत नाही' म्हटल्यावर समोरच्यानं 'असो, योग नाही' म्हणायचं आणि चहाचा दुसरा कप पुढं करायचा, एवढंच त्यांनी जन्मभर बघितलेलं. उलट प्रश्न कुणी विचारत नसे.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे कधी केलीच नाही. आई म्हणायची, म्हशीची धार काढून झाली आणि तू झालीस. आता त्याचा कुणी ग्रह मांडला असेल तर मला दाखवा."

"त्रिशला," दादा खाकरला, "आत जा जरा."

आत कुठं जाणार? मशीन बाहेरच्या खोलीत, ब्लाउज अर्धा, गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं. मी तिथंच बसले. काकांनी उरलेला चहा एका घोटात संपवला, "योग असतात बघ," एवढं म्हणून चपला घातल्या आणि गेले.

वहिनी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "अगं, नको आहे त्यांना," ती हळू म्हणाली. "तसं तोंडावर सांगतात होय कुणी?"

तसं सांगत नाहीत, हे मलाही माहीत होतं. मला कळत नव्हतं ते वेगळंच. धनपाल मगदूमांनाही पत्रिका नव्हती. त्यांनी स्वतः सांगितलं होतं. म्हणजे माझी नसलेली पत्रिका त्यांच्या नसलेल्या पत्रिकेशी जुळत नव्हती. नेमकं अडलं कुठं असेल?

हे सगळं झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. माझं पहिलं लग्न विशीत झालं आणि वर्ष-दीड वर्षात मोडलं. त्यानंतर मी दादाकडे राहिले, जुने ब्लाउज उसवून उसवून शिवण शिकले आणि पुढं त्यावरच जगले. दुसऱ्या लग्नाचं मनात नव्हतं असं नाही. पण कुणी विचारलं नाही आणि मी विषय काढला नाही. मग एक दिवस आवटी काका मगदूमांना घेऊन आले.

धनपाल मगदूम इचलकरंजीचे. यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी सोनल लग्न होऊन हुबळीला. दादानं आम्हाला "जरा बोला" म्हणून एकटं सोडलं, तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मला कमी ऐकू येतं. मागांनी कान खाल्ले. समोर बसलं की कळतं. फोनवर काही म्हणजे काही कळत नाही. लिहून पाठवलंत तर वाचतो."

"मी लिहीन," मी म्हणाले.

"पत्रिका वगैरे काय..."

"मला नाही."

"मलापण नाही. बरं झालं. एक काम वाचलं."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मला हसू आलं. माझ्या हातातही तसलाच होता. माझी भाची समृद्धी पुण्यात नोकरी करते. तिनं नवा घेतला तेव्हा तिचा जुना, भारी कंपनीचा फोन मला दिला होता. त्यांचा सोनलनं दिलेला. म्हणाले, त्यात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी काही सोयी आहेत. सगळं जग ज्या ॲपवर असतं त्यावर ते नव्हते. भावकीच्या ग्रुपात रोज उठून गुलाबाची फुलं आणि उपदेश यायचे, म्हणून त्यांनी ते काढूनच टाकलं होतं. या फोनातच मेसेज पाठवायची सोय असते, ती त्यांना पुरेशी होती.

"दोघांचे फोन एकाच कंपनीचे," दाराआडून वहिनी म्हणाली. "म्हणजे एवढं तरी जुळलं."

त्यानंतर मगदूम रोज लिहायचे. सकाळी 'जय जिनेंद्र', आणि मग काहीतरी. ते कापड विणलं कसं जातं ते सांगायचे, मी त्याचं पुढं काय होतं ते. एकदा त्यांनी विचारलं, "अस्तर आधी भिजवता की नंतर?" मी त्यावर एवढं लांब उत्तर लिहिलं की माझा अंगठा दुखला. त्यांचं उत्तर आलं, "समजलं. आमच्याकडून कापड निघतं तेव्हा त्याला वाटतं आपलं झालं सगळं. त्याला काय माहीत." मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि वहिनीला दाखवलं नाही.

असंच एका सकाळी मी लिहिलं, "सोनलशी बोला आणि काय ते कळवा. घाई नाही."

त्याच दुपारी माझ्या फोनची वायर तुटली. त्या फोनचं एकूणच माझ्याशी पटत नव्हतं. प्रत्येक गोष्टीला पासवर्ड मागायचा, मराठी लिहिताना मधेच इंग्रजी काढायचा, आणि वायर त्याच्या मापाचीच लागायची. गावातल्या वायरी त्याला चालायच्या नाहीत. मी बसस्टँडजवळच्या दुकानात गेले आणि एक साधा, स्वस्तातला, दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला. दुकानदारानं सिम काढून त्यात घातलं.

"नंबर तोच राहील ना?" मी विचारलं.

"तोच की, मावशी. काही बदलत नाही."

जुना फोन मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये हुकांच्या डब्यामागं ठेवून दिला. आमचं आधीचं सगळं बोलणं त्यातच राहिलं. नव्या फोनात त्यातलं एक अक्षरही आलं नाही. पण त्याचं काय एवढं, आता उत्तर येईल ते नव्यात येईल, असं मला वाटलं.

उत्तर आलं नाही.

पहिले काही दिवस मी 'घाई नाही' या दोन शब्दांना दोष दिला. माणूस सरळ आहे, घाई नाही म्हटलं तर खरंच घाई करत नसेल. मीच पुन्हा लिहायचं तर घाई केल्यासारखं झालं असतं. मग मी फोन गच्चीत नेऊन बघितला. रेंज पूर्ण होती. लाइट बिलाचा मेसेज आला, ऑफरचे आले, लग्नसराईतल्या गिऱ्हाइकांचे आले. सगळ्या जगाचे निरोप पोचत होते. मग मी काय लिहिलं होतं ते आठवायला लागले. अस्तराबद्दल फार लिहिलं का? वहिनी म्हणाली, "तू जास्त बोललीस." मग म्हणाली, "नाहीतर कमी बोलली असशील." ते बघायला आले तेव्हाच्या उप्पिटात कांदा नव्हताच, तरी जैन माणसाला कांदा खायला घातलास का म्हणून तिनं मला विचारून घेतलं.

"दादाला सांग की विचारायला," मी म्हणाले.

"मुलीकडच्यांनी विचारायचं असतं होय?"

"वहिनी, मी मुलगी आहे का आता?"

"वयानं नसशील. पण बाजू मुलीचीच ना?"

दादानं शेवटी आवटी काकांना फोन केला. मी दाराशी उभी होते. दादा पाऊसपाण्याबद्दल बोलला, उसाबद्दल बोलला, काकांच्या गुडघ्यांबद्दल बोलला, आणि "बाकी तिकडचं काय?" असं म्हणून एवढा वेळ गप्प बसला की पलीकडच्या माणसाला काहीही समजावं. दोनच दिवसांनी काका आले, आणि पत्रिका घेऊन आले.

मी ते ऐकून सोडून दिलं, असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी रोज ती नसलेली पत्रिका मनात उघडून बघायचे. पाहिजे नसेन तर तसं लिहायला काय झालं होतं? ज्यानं कापडाच्या मनात काय येतं ते मला लिहिलं, त्याला 'नको' लिहिता येत नाही? मला रागही नीट येत नव्हता. राग यायला आधी काय झालं ते तरी कळायला हवं.

पुढच्या रविवारी समृद्धी पुण्याहून आली होती. सकाळी चहा पिताना म्हणाली, "आत्या, माझा तो जुना फोन कुठाय? तू वापरत नाहीस तर मैत्रिणीला देते."

मी हुकांच्या डब्यामागून काढून दिला. तिनं आपली वायर लावली आणि घरच्या वायफायला जोडला. थोडा वेळ काही झालं नाही. मग फोन एकदा वाजला, पुन्हा वाजला, आणि वाजतच राहिला. टेबलावर थरथरत तो कडेपर्यंत सरकला.

"आत्या," समृद्धी म्हणाली, "धनपाल मगदूम कोण?"

वहिनीच्या हातातलं भांडं खाली पडलं.

समृद्धीनं फोन माझ्या हातात दिला. मी वरून वाचायला लागले.

"जय जिनेंद्र. सोनलशी बोललो. ती म्हणाली, पप्पा, तुम्हाला पटलं तर मला पटलं. मला पटलं आहे. तुमचं कळवा."

ते त्याच दिवशीचं होतं. मी दुकानात फोन घेत होते त्याच दुपारचं. खाली आणखी होते.

"पोचलं का?"

"लग्नसराई आहे. ब्लाउज असतील. सवडीनं कळवा."

"काही चुकीचं लिहिलं असेल तर सांगा. मला लिहायची फार सवय नाही."

"आवटी म्हणाले पत्रिका जुळत नाही. माझी नाही. तुमची असेल, नंतर सापडली असेल. असो."

इथं मी मोठ्यानं "अहो!" म्हणाले. दादानं पेपर बाजूला ठेवला.

"तुम्ही वाचत नाही हे आता समजलं. नंबर बदलला असेल. तरी इथं लिहितो. आज उप्पीट केलं, मीठ विसरलो. हे कुणाला सांगायचं म्हणून तुम्हाला सांगितलं."

"शेजारच्या शेडमध्ये आज नवीन माल लागला. तुमच्या अस्तरासाठी चांगलं होईल असं पातळ कापड आहे."

आणि शेवटचा, शुक्रवारचा, "सोनलनं गडहिंग्लजचं स्थळ आणलं आहे. रविवारी सकाळी मंडळी येणार आहेत. मी या म्हणालो. इथं आता लिहीत नाही, बरं दिसत नाही. नीट राहा."

"आज रविवार आहे," वहिनी म्हणाली. ते माझ्याही लक्षात आलं होतं.

"पण हे मला का नाही आलं?" मी नवा फोन समृद्धीपुढं धरला. "नंबर तर तोच आहे ना? मग हे या बंद डबड्यात जाऊन कसं बसलं?"

"अगं, या कंपनीच्या फोनवरून त्याच कंपनीच्या फोनला मेसेज केला की तो त्यांच्या आतल्या वाटेनं जातो. तुझा नंबर त्या कंपनीकडे अजून या फोनाच्या नावानंच आहे. फोन बदलताना तिथून तो काढून घ्यायचा असतो."

"कुणी सांगितलं मला?"

"कुणीच सांगत नाही. रेशन कार्डावरून नाव कमी करतात ना, तसं. तू घर सोडलंस, पण कार्डावर नाव राहिलं. त्यांना वाटलं तू अजून इथंच राहतेस."

मी एकदा एका फोनाकडे बघितलं, एकदा दुसऱ्याकडे. नंबर एक, बाई एक, आणि उत्तर दुसऱ्याच घरी.

दादा तोवर आवटी काकांना फोन लावून बसला होता. या वेळी त्यानं उसाबद्दल विचारलं नाही. "काका, पत्रिका कुणी बघितली?" फोन स्पीकरवर होता. पलीकडे बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

"कुणी नाही," काका शेवटी म्हणाले. "तू स्पष्ट विचारीनास. ते मला काही विचारीनात. दोन्हीकडं गप्प. दोन्हीकडं गप्प म्हणजे दोन्हीकडं नको, असंच असतंय बघ. मग कुणाचा तरी मान जायला नको म्हणून मी पत्रिका मधे घातली. मी नेहमी तसंच करतो."

"पण कुणाचंच नको नव्हतं!"

"मग गप्प का होते?" काका म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रश्न बरोबर होता.

"आत्या, मेसेज कर," समृद्धी म्हणाली. मी केला. "मला आत्ता सगळं मिळालं. मी येते आहे." कोणत्या फोनवरून, हेही आधी ठरवावं लागलं. शेवटी दोन्हीवरून पाठवला.

"गेला का?" दादानं समृद्धीला विचारलं.

"गेला."

"पोचला का?"

"पोचला, असं दाखवतंय."

"वाचला का?"

"ते कळत नाही."

"म्हणजे काय कळतं तुमच्या या फोनांना?" दादा ओरडला. तोवर मी साडी बदलायला आत गेले होते.

दादा दारात उभा राहिला. "त्रिशला, बोलावल्याशिवाय असं जायचं नसतं. तिथं दुसऱ्या लोकांचा कार्यक्रम चाललाय."

"मला बोलावलं होतं," मी म्हणाले. "ड्रॉवरमध्ये होतं बोलावणं."

समृद्धीच्या स्कूटीवर मागं बसून मी इचलकरंजी गाठली. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही पुरं होत नव्हतं. मगदूमांची गल्ली शोधायला वेळ लागला नाही. घराच्या एका भिंतीला लागूनच यंत्रमागांची शेड, आणि तिचा खडखडाट असा की आपलेच विचार ऐकू येऊ नयेत. दारात चपलांचा ढीग होता. समृद्धी गाडी लावेपर्यंत मी पायरीशी पोचले, तर हातात पाण्याचं तांब्या-भांडं घेतलेली एक तरुण मुलगी बाहेर आली.

"या ना, मावशी! गडहिंग्लजकडच्या ना? पुढं पुरुषमंडळी बसलीत. तुम्ही इकडून या, बोळातून."

ती सोनल. तिनं मला कधी बघितलं नव्हतं. मी "मी..." म्हणेपर्यंत तिनं मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथं जाजमावर चार बायका बसलेल्या. त्यांना मी मगदूमांकडची वाटले असणार, त्या अदबीनं सरकल्या. सोनलला मी गडहिंग्लजची वाटले. माझ्या हातात उप्पिटाची बशी आली. दोन्ही बाजूंनी माझा मान ठेवला, आणि मी कुठल्याच बाजूची नव्हते.

शेजारी जी बसली होती तीच दाखवायला आणलेली, हे तिच्या नव्या साडीच्या घडीवरूनच कळलं. माझ्याच वयाची, सावळी, डोळ्यांत झोप. ती माझ्या कानाशी वाकली. मागांच्या आवाजात दुसरं काही करताच येत नव्हतं.

"तुम्ही मगदूमांच्या कोण?"

"अजून कोणी नाही," मी म्हणाले.

"शेजारच्या व्हय? मग तुम्हाला माहीत असेल. माणूस कसा आहे हो? खरं सांगा. माझ्या भावानं घर बघितलं, शेती विचारली, माणसाचं काहीच विचारलं नाही."

एक वाक्य पुरलं असतं. तापट आहे. घरात टिकत नाही कुणी. कुणालाही पटलं असतं. मी तिच्याकडे बघितलं, आणि माझी नजर सवयीनं तिच्या ब्लाउजवर गेली. उजव्या बाहीची शिवण ओढली होती, काखेत कापड तणावत होतं. घाईत शिवून घेतलेला. अशा ब्लाउजात बाई हात वर करत नाही, दिवसभर कोपर अंगाशी धरून बसते. तरी ती तो घालून गडहिंग्लजहून आली होती.

"चांगला आहे," मी म्हणाले.

"कशावरून?"

"उत्तर आलं नाही तरी लिहीत राहतो."

"कुणाला?"

"मला."

तिनं बशी खाली ठेवली. मीही माझी ठेवली. मग मी सांगायला लागले, आणि फार वाईट सांगितलं. फोन, कंपनी, आतली वाट, ड्रॉवर, पत्रिका. सगळं एकाच दमात आणि कानात ओरडून.

"थांबा," ती म्हणाली. "निरोप एका फोनात आणि तुम्ही दुसऱ्या फोनात?"

"होय."

"आणि नंबर एकच?"

"होय."

"अगंबाई. यापेक्षा आमचा पोस्टमन बरा. तो निदान शेजारी तरी ठेवतो."

मला हसू आलं, आणि तिला नाही आलं. तिनं पदर नीट केला. "आणि मी? मी पहाटे उठून आलोय की. भाऊ आलाय, वहिनी आलीय. घरी आईला सांगून आलोय, आज काहीतरी होईल म्हणून."

"मला काय करावं कळेना," मी म्हणाले. "म्हणून आले."

"मला तरी काय कळतंय?" ती म्हणाली.

भिंतीपलीकडे माग खडखडत होते. थोड्या वेळानं तिनं माझी बशी उचलून माझ्या हातात परत दिली. "खाऊन घ्या आधी. उपाशीपोटी असलं काही ठरवू नये." आणि सोनलला हाक मारली, "ताई, तुमच्या वडलांना आत बोलवा. मला एक विचारायचंय."

मगदूम आत आले. नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. त्यांच्यामागं तिचा भाऊ आला, त्याच्यामागं एक-दोन माणसं, आणि दारात समृद्धी, हातात गाडीची किल्ली तशीच.

"ह्यांना ओळखता?" ती माझ्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाली.

मगदूमांनी माझ्याकडे बघितलं. "तुमचा नंबर बंद होता," ते म्हणाले. त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज नव्हता. सगळी खोली दचकली.

"बंद नव्हता. फोन बदलला होता. तुमचं सगळं आज सकाळी मिळालं."

"सगळं?"

"मिठाचंसुद्धा."

ते लाजले. कानापर्यंत. सोनलच्या लक्षात येऊ लागलं होतं, ती कधी बापाकडे बघत होती, कधी माझ्याकडे. गडहिंग्लजचा भाऊ म्हणाला, "हे काय चाललंय? सुमती, ही बाई कोण?"

"दादा, तू गप्प बस जरा," सुमती म्हणाली. "मला कळू दे आधी." आणि मगदूमांकडे वळून, "त्यांना विचारा की. एवढं लांबून आल्यात."

मगदूमांनी घसा साफ केला. "मी लिहिलं होतं, मला पटलं आहे. तुमचं कळवा म्हणून."

आमच्या घरात बाईला असलं विचारत नाहीत, आणि विचारलं तर ती मान खाली घालते आणि बाकीचे काय ते समजून घेतात. मी मान खाली घातली नाही. एवढं केलं.

"हो," मी म्हणाले.

ते पुढं झुकले. "काय?"

"हो!"

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "जरा मोठ्यानं. माग चालू आहेत."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पोटातून श्वास घेतला आणि ओरडले, आणि त्याच क्षणी वीज गेली. पंखा थांबला, माग एका झटक्यात बंद पडले, आणि माझा 'हो' त्या शांततेत एकटाच उरला. गल्लीभर गेला असणार. भिंतीपलीकडच्या शेडमधून एका माणसाचा आवाज आला, "आरं, कोण हो म्हणालं?"

पहिली सुमती हसली. मग कुणालाच आवरेना.

गडहिंग्लजची मंडळी चहा पिऊनच गेली. भाऊ रागात होता, सुमती नव्हती, किंवा असेल तर तिनं दाखवला नाही. जाताना मी तिला म्हणाले, "तो ब्लाउज माझ्याकडे पाठवून द्या. बाही सोडवून देते." तिनं खरंच पाठवला. तिचं पुढं निपाणीला जमलं, आणि तिच्या लग्नातले सगळे ब्लाउज मी शिवले.

आमचं लग्न झालं, पत्रिकेवाचून. आवटी काका आले होते, मानाचा फेटा बांधून. त्यानंतर वर्षभरानं केव्हातरी ह्यांना जेवायला हाक मारायला मी शेजारच्या शेडमध्ये गेले. माग पूर्ण जोरात चालू होते. ह्या टोकाला हे उभे, त्या टोकाला यांचे जुने सोबती बाळासाहेब पाटणे, मधे अख्खी शेड खडखडत असलेली. आणि दोघं निवांत गप्पा मारत होते. आवाज नाही, काही नाही, नुसते ओठ हलत होते. पाटणे काहीतरी बोलले, हे हसले. ह्यांनी काही सांगितलं, पाटण्यांनी मान हलवली.

पाटण्यांचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोला मी दारात विचारलं, "हे काय चाललंय?"

"अगं, मागावरची सगळी माणसं ओठ वाचतात," ती म्हणाली. "नाहीतर दिवसभर बोलणार कशी? तुला माहीत नव्हतं?"

घरी आल्यावर मी ह्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि समोर बसले. आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारलं, "त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं होतं ना?"

हे भाकरी मोडत होते. मान वर केली नाही. "कळलं होतं की."

"मग तीनदा का म्हणायला लावलं?"

"महिनाभर वाट बघितली होती," हे म्हणाले. "एकदाच कसं पुरेल?"